शंभर टक्के उपस्थिती

कात्रज, पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आनंद,

तुझा मेसेज पोचला. घरी सगळे बरे असतील असं लिहायची पद्धत आहे. पण काकूंचा गुडघा आणि काकांचा खोकला मला माहीत आहे, म्हणून फक्त विचारते, कसे आहेत? इकडची थंडी गेली. खोलीत मी एकटीच आहे. राजनंदिनीच्या जागी दुसरी मुलगी अजून ठेवलेली नाही.

मेसेजला मेसेजने उत्तर दिलं नाही, कारण तुमच्या घरी एकच मोठा फोन आहे आणि तो काकूंच्या उशाशी असतो. म्हणून हे पत्र तू कामाला जातोस त्या पंपांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाच आणि तिथेच ठेव.

तू लिहिलंस, 'ताईच्या विद्यापीठात मी बी नाव टाकू का? सध्या फक्त चौकशीले नाव अन् नंबर देल्ला. ताई फस्ट क्लास आली. तिनं बी तुम्हालेच इचारलं होतं ना? तुम्ही हो म्हणसान तर अठ्ठावीस तारखेच्या आत फॉर्म भरतो अन् दुकान सोडतो.'

नाही. फॉर्म भरू नकोस. दुकान सोडू नकोस.

आता कारण. ऑनलाइन पदवी द्यायला कुणाला मान्यता आहे, त्याची यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर असते. विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि वर्ष, तिन्ही त्यात जुळावी लागतात. हे विद्यापीठ त्या यादीत नाही. त्याचं नाव एका खऱ्या विद्यापीठासारखं आहे, मध्ये एक शब्द जास्त. घाईत वाचणारा तो शब्द गाळूनच वाचतो.

दुसरं कारण तुमच्या घरातच आहे. काकूंनी तिची गुणपत्रिका फोटोशेजारी लावली आहे आणि 'पोरीनं जाताजाता पेपर देल्ले' असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. आनंद, राजनंदिनी १९ सप्टेंबरला डेंग्यूने गेली. परीक्षा डिसेंबरात झाली. गुणपत्रिकेवर तारीख आहे. कुणी पाहिली नाही.

शनिवारी मी त्यांच्या पत्त्यावर गेले. शनिवार पेठ, दुसरा मजला. खाली झेरॉक्सचं दुकान आहे. मालकांना विचारलं, "विद्यापीठ कुठे आहे हो?"

"वर. पायऱ्या मोजत जा, तेवढंच शिक्षण."

"उघडं असतं का?"

"मी सात वर्षं इथे बसतोय. कुलूप बघा आणि आपणच ठरवा."

कुलूप गंजलेलं होतं. किल्लीच्या भोकावर कोळ्याचं जाळं. मी तिथेच उभी राहून त्यांचा नंबर लावला. दाराआड फोन वाजला. तीनदा. मग आतला आवाज थांबला आणि माझ्या कानात एक बाई बोलली, "नमस्कार, प्रवेश विभाग."

कॉल तीन रिंगनंतर दुसरीकडे वळवलेला असणार. हे मला कळतं. तरी मी दारापासून दोन पायऱ्या खाली आले आणि राजनंदिनीचा नोंदणी क्रमांक सांगितला.

"उपस्थिती शंभर टक्के आहे मॅडम. फार नियमित मुलगी."

"ती सप्टेंबरात वारली."

"बरं." टाइप केल्याचा आवाज आला. "पण नाव आहे ना आमच्याकडे. मग गैरहजर कशी लागेल?"

इथवर लिहून मी चहा करून आले. आता राहिलेलं.

गेल्या वर्षी जानेवारीत तिने मला विचारलं होतं, हे तुझं बरोबर आहे. "अवने, दिवसभर लोकाच्या सॉफ्टवेअरच्या चुका काढतं ना, माह्यं एवढं पाहून दे." मी पान उघडलं. पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह दिसलं. म्हटलं, "कुलूप आहे. ठीक आहे." चार मिनिटंही लागली नाहीत. त्या कुलपाचा अर्थ इतकाच, की तुमचं आणि पलीकडच्याचं बोलणं मध्ये कुणी ऐकत नाही. पलीकडे कोण आहे, ते कुलूप सांगत नाही. हे मी ऑफिसातल्या नव्या मुलांना शिकवते.

आणि जुलैत मला कळलं होतं. आमच्या सुहासिनी मॅडम नोकरीला आलेल्यांची प्रमाणपत्रं तपासतात. त्यांनी याच विद्यापीठाचं एक बनावट म्हणून बाजूला काढलं; मी समोर बसले होते. घरी आले तर राजनंदिनी वहीला कव्हर घालत होती. मी काही बोलले नाही. तिचं मन मोडायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे. ते खोटं आहे. मला 'माझं चुकलं' म्हणायचं नव्हतं. पुढचे दोन महिने ती कारखान्याच्या पाळीआधी पहाटे पाच दहाला उठून अभ्यास करत राहिली आणि मी डोळे मिटून जागी पडून राहिले. दवाखान्यात तिने विचारलं, "परीक्षेची तारीख आली का वं?" मी म्हटलं, "येईल."

तिचा पासवर्ड मला माहीत आहे. आत गेलं की वर्गाची यादी दिसते. प्रत्येक नावापुढे हजेरी आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ. तपासण्यासाठी मी अस्तित्वातच नसलेल्या एका माणसाचं नाव चौकशीच्या फॉर्मवर टाकलं. कोंडीराम. दुसऱ्या दिवशी कोंडीराम वर्गात हजर होता. म्हणजे हजेरी यंत्र लावतं. इथपर्यंत सरळ आहे. कोंडीरामची वेळ रोज दुपारचे बारा. सगळ्या वर्गाची तीच. फक्त राजनंदिनीची पाच दहा. रोज. कालचीसुद्धा.

कामावर अशा वेळी मी 'कारण सापडलं नाही' असं लिहून नोंद बंद करते. ही बंद करता आलेली नाही.

आज सकाळी तिच्या नावाखाली एक नवी ओळ आली. तुझं नाव, तुमचं आडनाव, गाव कारंजा. सोमवारपासून हजर. वेळ पाच दहा.

आडनाव एकच पाहून कुणीतरी वरची ओळ उचलून खाली चिकटवली असेल. असेलच.

पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार दिली आहे. २३ तारखेला, रविवारी, मी कारंजाला येते. काकूंना मीच सांगेन, जुलैसकट. गुणपत्रिका त्यांना ठेवायची असेल तर ठेवू देत, पण काय आहे ते कळून. तू आधी काही बोलू नकोस. ते माझं काम आहे, आणि त्याला आधीच उशीर झालाय.

तोवर एक कर. एक पोस्टकार्ड घे आणि तुझ्या अक्षरात इतकंच लिही, की पहाटे पाच दहाला तू झोपलेला असतोस आणि त्या वर्गात तू गैरहजर आहेस. खाली सही कर आणि मला पाठव.

तिच्या वेळेला आता रोज जागी असणारी,
अवनी