शिनोलीला गेलेली चाल

प्रिय तेजू,

तू फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर "बरी आहे" एवढं बोलून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि माझं अक्षर बघून तू ते फाडणार नाहीस एवढी मला खात्री आहे. गळ्याच्या ऑपरेशननंतर तू सगळ्यांना सांगून टाकलंस की आता गाणं संपलं, माझ्यासमोर कुणी तो विषय काढायचा नाही. ठीक आहे. पण मी किती हट्टी आहे हे तुला हॉस्टेलपासून माहीत आहे. या पत्रात गाण्याशिवाय दुसरं काहीही नाही.

इथे जुन्नरच्या शाळेत मी आठवीला संगीत शिकवते. गेल्या वर्षी स्वरलिपी फळ्यावर शिकवत होते. पाच रेघा, हा स्वर, ती मात्रा. मुलं जांभया द्यायची, आणि खरं सांगू, मलाही यायच्या. यंदा जूनमध्ये कॉम्प्युटरच्या खोलीत स्वरलिपीचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. रेघांवर स्वर ठेवायचे, बटण दाबायचं, की लगेच ऐकू येतात. पहिल्याच तासाला सांगितलं, वाचायचं नंतर बघू, आधी आपापली चाल रचा. काय गोंधळ माजला म्हणून सांगू! समर्थने नारायणगावच्या टोमॅटोच्या लिलावातली हाक स्वरांत बसवली. नुमानला वडिलांच्या पत्र्याच्या दुकानातली ठोकाठोक हवी होती, म्हणून अर्धी मात्रा कशी लिहायची हे विचारत तो स्वतःहून माझ्या मागे लागला. वर्षभर घसा फोडून जे गेल्या वर्षीच्या मुलांच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते यंदाच्या पोरांनी गरज पडली म्हणून बघता बघता उचललं. स्टाफरूममध्ये नाचायचीच बाकी होते मी.

वर्गात रुमाना नावाची एक मुलगी आहे. वडिलांचं बांगड्यांचं दुकान, घरी तान्हा भाऊ. ही कधी गात नाही. प्रार्थनेलाही नुसते ओठ हलवते. तिने भावाला झोपवायची म्हणून एक चाल लिहिली. मी ती पानावरून मनातल्या मनात वाचली आणि अंगावर काटा आला. म्हटलं, गाऊन दाखव. तर म्हणाली, "मी न्हाई गाणार, म्याडम. लिवलंय की सगळं, तुमीच वाचा." खरंच सगळं लिहिलेलं होतं. निदान आम्हा दोघींना तसं वाटलं.

इथून जवळच्या शिनोली गावच्या शाळेत सोपान सर हाच उद्योग करतात. आम्ही दोघांनी ठरवलं, दोन्हीकडच्या मुलांच्या चालींची अदलाबदल करायची. अट एकच, आधी ऐकवायचं काही नाही, जाईल तो फक्त कागद. रुमानाची चाल गेली. काही दिवसांनी सरांनी फोन करून त्यांच्या मुलांचं गाणं आमच्या अख्ख्या वर्गाला ऐकवलं. अगं, ढोलकी कडाडतेय, पेटी पळतेय, पोरं बेंबीच्या देठापासून गातायत! अंगाईची वरात निघाली होती. समर्थ ओरडला, "आरं, बाळ उठून नाचाय लागंल!" वर्ग हसून लोळला आणि रुमानाचे डोळे भरले. मला वाटलं, झालं, आता ही पुन्हा स्वराला हात लावणार नाही. पण तिकडच्या पोरांनी एकही स्वर चुकवला नव्हता. चाल किती सावकाश घ्यायची हेच कागदावर नव्हतं. तिच्या मनात ती सावकाशच वाजत होती, मग लिहिणार कशाला? आणि तिच्या घरच्या झोळीचा हेलकावा डोळ्यांसमोर आणून वाचणाऱ्या मलाही ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत बाईसाहेब कॉम्प्युटरसमोर हजर. लय लिहिली, कुठे आवाज उतरवायचा, कुठे श्वास घ्यायचा, सगळं लिहिलं. छापलेला कागद माझ्या हातात देत म्हणाली, "आता पाठवा. बघू कसं चुकत्यात ते."

गेल्या शनिवारी दोन जीप भरून पोरं शिनोलीला नेली. तिथल्या मुलांनी कागद हातात धरून मैदानात गायला सुरुवात केली. तीच चाल, तिच्या मनातली. ज्यांनी तिचा आवाज कधी ऐकला नाही, त्या चाळीस गळ्यांतून येत होती. मध्येच एका मुलाने श्वासाची जागा ओलांडली, तर आमची ही न बोलणारी रुमाना तरातरा पुढे गेली, त्याच्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "हितं थांबायचं. मी लिवलंय ते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी भर मैदानात रडले, तेजू, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

आता मुद्द्याचं. हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना तू एक मुखडा गुणगुणायचीस. अंतरा कुठे आहे विचारलं की म्हणायचीस, करू नंतर. तो मुखडा मी आठवून लिहिला आणि तुझं नाव न सांगता वर्गाला दिला, म्हटलं पुढचं तुम्ही रचा. सगळ्यांनी आपापले अंतरे रचले, काही तर फार गोड. एकट्या रुमानाने रेघा कोऱ्या ठेवून कागद परत दिला. म्हणाली, "ज्यांचं हाय त्यास्नी इचारा की." तोच कागद सोबत जोडला आहे. जानेवारीच्या संमेलनात जुन्नर आणि शिनोलीची मुलं मिळून ही चाल गाणार आहेत, आणि रुमानाचं ऐकल्यापासून दुसऱ्या कुणाचा, अगदी स्वतःचाही, अंतरा घ्यायला ती तयार नाहीत. गळा त्यांचा आहे, भरपूर आहे, तुझा लागणारच नाही. तू फक्त लिही. आणि हो, वरती लय लिहायला विसरू नकोस, नाहीतर शिनोलीवाले तुझीही वरात काढतील.

तुझीच, अजून तितकीच हट्टी,
जैबू