शुक्रवारचा झेंडा

७ नोव्हेंबर, शुक्र.

खालच्या गटात घसरल्यावरची पहिली फुटबॉल मॅच. हरलो, २-१.

वरच्या गटात होतो तेव्हा मॅच रविवारी असायची, ठाण्याला, गवतावर. इथे शुक्रवारी, कामतघरच्याच मैदानात, मातीत. शुक्रवारी कापडाचे लूम बंद आणि या गटातले बहुतेक संघ लूमवाल्यांचे. गोडाऊनवाले शिफ्ट बदलून येतात. आपली निम्मी पोरं ऑफिसात. शुक्रवारी सुट्टी कोण देणार? दोन बॅक आलेच नाहीत.

गर्दी मात्र ठाण्यापेक्षा जास्त. आपला जांभळा शर्ट बघायलाच आले होते म्हणे. एकजण ओरडला, "अरे, बड़े लोग आए हैं, चाय-वाय पूछो." दादाला ते ऐकू गेलं, त्याच्या मानेवरून कळलं.

अप्पा कोच, दादा कॅप्टन. जेवताना दोघंही भाजीबद्दल बोलले.

८ नोव्हें.

हरलो कसे ते आज नीट लिहिते, म्हणजे डोक्यातून जाईल.

अप्पांची जुनी चाल. ते बाहेरून "पाऊल!" ओरडतात, आपले चारही बॅक एकदम एक पाऊल पुढे टाकून हात वर करतात, समोरचा फॉरवर्ड मागे एकटा सापडतो, लाइनवरचा झेंडा वर जातो, ऑफसाइड. वीस-बावीस वर्षं आपला क्लब या चालीवर मोठा झाला. मला ऑफसाइड बेरजेच्या आधी आलं. शाळेत घालण्यापूर्वी अप्पांनीच घरी शिकवलं, स्वयंपाकघरातल्या फरशीवर वालाचे दाणे मांडून. आई ओरडायची, दाणे भिजवायचे आहेत.

पण इथे लाइनवर ठाण्याचा माणूस नसतो. रेफ्री एकटा येतो. झेंडे क्लबनेच धरायचे. पद्धत अशी की ज्याचा त्याचा माणूस आपल्या हल्ल्याच्या बाजूला उभा राहतो. उलट ठेवलं तर आपला गोल वाचवायला कोणीही उगाच झेंडा उठवेल आणि रोज मारामाऱ्या होतील. म्हणून असं. म्हणजे झेंडेवाल्याचा झेंडा वर गेला तर तो आपल्याच माणसाविरुद्ध जाणार. तो कशाला वर जाईल?

काल त्यांचा झेंडा एका म्हाताऱ्याकडे होता. काठीला गमछा. सगळे त्याला मामू म्हणत होते. आपले चौघे हात वर करून उभे, मामूही उभा, आणि त्यांचा पोरगा चालत जाऊन गोल मारून आला. दोनदा.

१४ नोव्हें., शुक्र.

१-१. पुन्हा हात वर. पुन्हा तेच. वेगळा संघ, वेगळा मामू.

घरी येताना दादा म्हणाला, "अप्पा, पाऊल बंद करा. इथे कोणी झेंडा उठवत नाही."

अप्पा म्हणाले, "नियम वर-खाली सगळीकडे एकच आहे."

"नियम आहे. माणूस नाही."

 रिक्षात मी दोघांच्या मधे बसले होते.

दादाला कल्याणच्या एका वरच्या गटातल्या क्लबने बोलावलं होतं, मे महिन्यात. तो गेला नाही. एकतिसावं चालू आहे, गुडघा थंडीत आखडतो. मला म्हणाला होता, अप्पांना वर नेऊन सोडतो, मग बूट काढतो. वर एकच संघ जातो. हे त्याने अप्पांना सांगितलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही. सांगायला हवं का, कळत नाही.

१९ नोव्हें.

आपला झेंडा आत्तापर्यंत राखीव खेळाडूंपैकी कोणीतरी मोबाइल बघत धरायचा. आज अप्पा म्हणाले, शुक्रवारपासून तू धर. मी शिकवते ती शाळा सकाळची, दुपारी मी मोकळीच असते.

मी विचारलं मीच का. म्हणाले, तुला येतं म्हणून.

क्लबचे अध्यक्ष हिरामणकाका तिथेच बसले होते. पूर्णा गावात त्यांच्या जमिनीवर गोडाऊनं आहेत, क्लबचे शर्ट-बूट तेच देतात. हसून म्हणाले, "पोरीला झेंडा उठवायला येतो, त्या ठीक हाय. खाली ठेवायला शिकव मास्तर."

अप्पा हसले नाहीत. मी चहा आणायच्या निमित्ताने उठले.

२१ नोव्हें., शुक्र.

सलवार-कमीज, शाळेचेच बूट. दुपट्टा कमरेला बांधला. मैदानात बाई मी एकटीच, पण दहा मिनिटांनंतर कोणाला त्याचं काही उरलं नाही. एक माणूस म्हणाला, "मॅडम, धूप में मत खड़ी रहिए, इधर से भी दिखता है." तिकडून दिसत नाही. शेवटच्या बॅकच्या रेषेतच राहावं लागतं, तो सरकेल तसं सरकावं लागतं. अख्खी मॅच खेकड्यासारखी चालले.

दोनदा उठवला. दोन्ही वेळा आपला पोरगा हातभर पुढे होता, वाद नव्हता. जिंकलो, ३-१. पण आपल्या बाजूला पाऊल फसलंच. एक गोल तसाच खाल्ला.

२८ नोव्हें., शुक्र.

आज अप्पा "पाऊल!" ओरडले आणि चारही बॅक उलटे पळाले. मागे. बॉलच्या आधी पोचले, काढला. अप्पा पुन्हा ओरडले, पुन्हा सगळे मागे. तिसऱ्यांदा ओरडले नाहीत.

दादाने आठवडाभर पोरांना तलावाकाठी नेऊन वेगळंच घोटवून घेतलं होतं. मला माहीत होतं. कोणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही.

२-०. एकही खाल्ला नाही.

रात्री जेवताना अप्पा दादाला म्हणाले, "पळतात बरे." आणि थोड्या वेळाने, "दोन नंबरवाला वळताना उशीर करतो." दादा म्हणाला, हो, सांगतो त्याला. एवढंच झालं. आईने दोघांना न विचारता भात वाढला.

१२ डिसें., शुक्र.

जिंकलो. मागच्या शुक्रवारीही. आता मैदानात आपल्याला कोणी बडे लोग म्हणत नाही, नावानं हाका मारतात. दोन पोरांनी ऑफिसात शुक्रवार-रविवार अदलाबदल करून घेतली. मॅच संपल्यावर समोरच्यांबरोबर कटिंग प्यायची, अशी सवय लागली आहे. ठाण्याला प्रत्येकजण आपापल्या बसमध्ये चढायचा. दादा म्हणतो इथे बॉल वाईट उडतो पण मजा येते. अप्पा म्हणतात मजेसाठी खेळायला पुढे आयुष्य पडलंय.

पूर्णाचे गोडाऊनवाले गुणांत आपल्या बरोबरीने आहेत. पहिल्या मॅचचा मामू त्यांचाच. त्यांचा कॅप्टन सलीम, दिवसभर ट्रकमध्ये खोकी चढवतो आणि संध्याकाळी दादाच्या दुप्पट पळतो.

१९ डिसें., शुक्र.

०-०. जवळजवळ १-०.

शेवटची मिनिटं. उजवीकडून लांब पास, दादा बॅकच्या मागे, एक टप्पा, गोल. सगळे नाचायला लागले. माझा झेंडा वर होता. मी उठवला हे मला हात वर दिसला तेव्हा कळलं. रेफ्रीने बघितलं, शिट्टी मारली, गोल रद्द.

पास निघाला तेव्हा दादाचा खांदा आणि एक गुडघा पुढे होता. जास्त नाही.

दादा माझ्याकडे आला नाही. मैदानाच्या मधूनच बघितलं आणि वळला. हिरामणकाका आले.

"कोनाची पोरगी तू? आपला झेंडा आपल्याच भावावर? मना सांग, दुसऱ्या कोनी उठवला असता?"

मी म्हटलं, नाही.

"मंग?"

मी झेंडा गुंडाळायला लागले. समोरच्या संघातले लोक हसत होते. वाईट नव्हते हसत, नवल वाटून हसत होते. ते जास्त लागलं.

२० डिसें.

बरोबर दिसलं का? सकाळपासून तेच. बॉल पायातून सुटला तो क्षण आणि दादाचा खांदा, दोन्ही एकदम बघता येत नाही. एक बघायचं, दुसरं ऐकायचं, बॉलचा आवाज. अप्पांनी तसंच शिकवलं. मी आवाज ऐकला होता का, की गर्दीत दुसरं काही ऐकलं? शाळेत फळ्यावर तारीख चुकीची लिहिली, मुलांनी सांगितली.

दादाने ताट बाहेरच्या खोलीत नेलं.

अप्पांनी एकच विचारलं, "दिसलं होतं?"

"हो."

"मग झालं."

पण दुसरी भाकरी त्यांनी घेतली नाही. आणि 'झालं' म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. अप्पा माझ्या जागी असते तर त्यांनी उठवला असता का? हे विचारायची हिंमत नाही. उत्तर काहीही आलं तरी मला ते नको आहे.

२३ डिसें.

दादा बोलला. बाइक पुसत होता, मान वर न करता म्हणाला, "समोरचे सगळे चोरतात. आपण एकटेच भरायचं का?"

मी म्हटलं, तू पुढे होतास.

"मला माहितीये मी पुढे होतो."

त्याला माहीत होतं! तेव्हापासून छातीवरचं ओझं निम्मं झालं आणि निम्मं वाढलं.

२ जाने., शुक्र.

झेंडा हिरामणकाकांच्या भाच्याला दिला. अप्पांनी मला तसं सांगितलं नाही, नुसतं म्हणाले, आज ऊन आहे, घरी थांब. जानेवारीत.

गेले नाही. आईबरोबर वाल सोलत बसले. २-१ जिंकलो. दादा आल्यावर बूट काढत म्हणाला, दुसरा गोल तीन हात ऑफसाइड होता. भाच्याने झेंडा बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, छान. तो म्हणाला, छान काय त्यात? त्यांचा कॅप्टन मॅचनंतर चहाला थांबला नाही, म्हणाला, चलते हैं, भाई, आप लोग भी वैसे ही निकले.

हे सांगून आंघोळीला गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज नव्हता.

९ जाने., शुक्र.

आज मॅच नव्हती. एकच उरली, पुढच्या शुक्रवारी, पूर्णाशी. दोघे बरोबरीत. जो जिंकेल तो वर. बरोबरी झाली तर तेच वर, त्यांचे गोल जास्त.

संध्याकाळी सलीम घरी आला. दारातच उभा राहिला, अप्पांनी बळेच बसवलं. म्हणाला, सर, एक रिक्वेस्ट है, शुक्रवार को झंडा दीदी पकड़ें.

दादा आतून बाहेर आला. "तुम्हारा फायदा है, इसलिए ना?"

सलीम म्हणाला, "हाँ भाई, फायदा है. मेरा सेंटर बॅक बूढ़ा है, तू उसके पीछे से निकल जाता है. भांजा पकड़ेगा तो मैं सुबह ही हार गया."

"और तुम्हारा झंडा?"

"मामू पकड़ेगा." मग म्हणाला, "मामू को तो आप जानते हो."

आधी आई हसली, आतून. मग सगळेच. अप्पाही. सलीमही, पण त्याने मागणं मागे घेतलं नाही. चहा घेऊन गेला.

अप्पा दादाला म्हणाले, कॅप्टन तू आहेस. दादा म्हणाला, कोच तुम्ही आहात. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला दिलात तर मी दिसेल तेच करणार, त्यापेक्षा देऊ नका.  आत गेल्यावर वाटलं, उद्धट झालं का?

१२ जाने.

हिरामणकाकांनी अप्पांना बोलावून घेतलं होतं. अप्पा आल्यावर म्हणाले, ते म्हणतात, वर गेलो नाही तर पुढच्या वर्षी शर्ट दुसऱ्याकडून घ्या. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? म्हणाले, जांभळा कुठेही मिळतो.

झेंड्याबद्दल काहीच ठरलं नाही, निदान मला कोणी सांगितलं नाही.

१५ जाने., गुरु.

दुपारी चारला दादा लवकर आला. म्हणाला, बूट घाल. मैदानावर नेलं. अप्पा आधीच तिथे होते, बॉल घेऊन. सलीमच्या बॅकच्या जागी दादाने बाइक उभी केली.

"मी पळतो. ऑफसाइड दिसलं तर उठव. तुझ्या मनातलं नको, उद्या जे करशील ते."

अप्पा पास मारत, दादा पळे, मी उठवी. पुन्हा. पुन्हा उठवला. दादा चिडला नाही, परत चालत जागेवर यायचा, गुडघा दाबायचा. अप्पा लांबून म्हणाले, "तू माझा पाय बघून निघतोस. बॉल बघून नीघ." एकदा दादाने विचारलं, किती होतो? मी बोटांनी दाखवलं. पुढच्या वेळी एवढाही नव्हता, पण होता. उठवला. मैदानाच्या कडेला क्रिकेटवाली पोरं थांबून बघायला लागली. त्यांना वाटलं असेल या बाईला झेंडा खाली धरता येत नाही.

मग एकदा अप्पांच्या बुटाचा आवाज आला तेव्हा दादा बाइकच्या मागच्या चाकाशी होता, आणि मग नव्हता, पार पुढे. माझा हात खालीच राहिला.

दादा थांबला. धापा टाकत म्हणाला, "मुद्दाम?"

म्हटलं, नाही.

"नक्की?"

"नक्की."

"मग उद्या हेच." अप्पांनी बॉल उचलला आणि झेंडा माझ्याकडेच राहू दिला. घरी आणलाय, दाराआड उभा केलाय.

पण त्या वेळी ऊन उतरलं होतं, दादा लंगडत होता आणि मला तो थांबावा असं वाटत होतं. मी बुटाचा आवाज नीट ऐकला होता, असं वाटतं. ऐकला होता. उद्या भर उन्हात, गर्दीत, तेवढाच ऐकू आला पाहिजे.