मसाल्यातली खसखस

तीर्थरूप मायले गोलूचा वाकून नमस्कार.

काल जेलातून सुटलो. फोनवर सगळं सांगणं झालं नाही, म्हणून लिहून राहिलो. तब्येत बरी आहे, फक्त पँट ढिली होते.

तू बॅगेत दिलेल्या सावजी मसाल्यात खसखस होती, अन् इथं अरबांच्या देशात तिले नशेचा माल समजतात; विमानतळावरच धरलं. सात महिने माझं कोणी ऐकलं नाही. मग तुझ्या सुनेनं, कामिनीनं काढलेला तुझा व्हिडिओ कोर्टात दाखवला. आपल्या सावनेरच्या अंगणात मसाला वाटता वाटता तू म्हणाली, "जजसाहेब, खसखस मी टाकली. पोराले सोडा, मले धरा." जजनं ते दोनदा पाहिलं. माझ्या वकिलाचीही एवढी हिंमत नव्हती वं माय!

कामिनी म्हणते, तेव्हापासून तू पाट्याले हात लावला नाही. काहून? दिवाळीच्या आत येतो. रस्सा कर, खसखस टाकूनच.

तुझा,
गोलू