टेकडीवरची खानावळ

१२ जानेवारी

दुसरं. आठवड्यात दुसरं.

कुंपणाच्या आत, वाळक्या झाडाखाली पडलं होतं. पंख पसरलेले, मान छातीखाली गेलेली. काल संध्याकाळी तेच गिधाड मान खाली टाकून बसलेलं मी दुर्बिणीतून पाहिलं होतं, आणि पेंगतंय असं समजून घरी आले. पेंगत नव्हतं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शेडमध्येच फाडून पाहिलं. काळजावर, मूत्रपिंडावर चुन्याचा हात फिरवल्यासारखा पांढरा थर. "तेच," म्हणाल्या. ते म्हणजे डायक्लोफेनॅक. जनावराला दुखण्यावर देतात ती सुई. जनावरांसाठी बंदी येऊन इतकी वर्षं झाली, तरी देतात. जनावर दोन-चार दिवसांत मेलं की औषध मांसात तसंच राहतं. गिधाडाने खाल्लं की मूत्रपिंडं संपली. एका मेलेल्या बैलावर तीस-चाळीस गिधाडं बसतात, म्हणजे सुई एक आणि बळी किती, ते मोजा.

बाई म्हणाल्या, "हे पक्षी दिवसाला शंभर-शंभर किलोमीटर फिरतात. कुठे काय खाल्लं कोण सांगणार?"

मी सांगणार. खानावळ माझी आहे. (गिधाडांसाठी मेलेली जनावरं इथे टाकतो, म्हणून गावात सगळे टेकडीला खानावळच म्हणतात, आणि मला खानावळवाली. मला त्याचं काही वाटत नाही.) इथे येणाऱ्या प्रत्येक मेलेल्या जनावराचा फॉर्म मी भरते. शेवटच्या पंधरा दिवसांत औषध दिलं का? कोणी दिलं? कुठलं दिलं?

डिसेंबरचे सगळे फॉर्म काढले. सगळीकडे एकच उत्तर — काही नाही. अहो, जनावर मरेपर्यंत कोणी काहीच दिलं नाही? कोणीतरी धडधडीत खोटं बोलतंय.

१३ जानेवारी

फॉर्म पुन्हा चाळले. उत्तर तेच.

१५ जानेवारी

आज एक गोष्ट हाती लागली.

गप्पू. जनावरं ओढून आणतो तो. पन्नाशीचा, ट्रॅक्टर वनखात्याच्या कार्यालयाचा, पण चालवतो घरचा असल्यासारखा. दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप, म्हणून लोकांनी नाव ठेवलं गप्पू.

दवाखान्यातून डिसेंबरमध्ये मेलेल्या जनावरांची यादी मागवली. गप्पूला नऊ ठिकाणांहून बोलावणं गेलं होतं. टेकडीवर आली सहा. मग तीन कुठे गेली? मेलेली गाय काही उठून चालायला लागत नाही.

जेवताना बाबांना सांगितलं. पस्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, या भागातला प्रत्येक गोठा त्यांना पाठ. अजूनही लोक येतात, "जरा बघून जा" म्हणत. वाटलं काहीतरी बोलतील. ते घास चावत राहिले. मग म्हणाले, "नवऱ्याशी भांडून आलीस तेव्हाही अशीच यादी केली होतीस."

हे इथे कशाला?

१७ जानेवारी

गप्पूला गाठलं. ट्रॅक्टर धूत होता.

"परवा म्हैस मेली होती ना? आली नाही ती."

"गेली."

"कुठे गेली?"

"खड्ड्यात."

"का?"

त्याने चाकावर पाणी मारलं. मग म्हणाला, "वास होता."

वास! आमच्या गिऱ्हाइकांना वासाचं वावडं आहे होय? मला हसावं की चिडावं कळेना. माणूस खोटं बोलायलाही आळशी असतो, हे आज पाहिलं.

१८ जानेवारी

कड्यावरच्या चौथ्या घरट्यात पिल्लू दिसलं. राखाडी, कापसाच्या बोळ्याएवढं. नर बसून होता. डाव्या पायात पिवळं कडं, आम्हीच घातलेलं. वर्षाला जोडीचं एकच अंडं, त्यामुळे एक पिल्लू म्हणजे अख्खं वर्ष.

२१ जानेवारी

दुपारी गप्पूच्या मागे गेले. लांबून, स्कूटरवर. ट्रॅक्टरमध्ये बैल होता. टेकडीच्या फाट्याला वळलाच नाही. ओढ्याकडे गेला. पुढे रस्ता नव्हता, मी थांबले. झाडीआड ट्रॅक्टर दोन तास उभा. परत आला तेव्हा मागे काही नव्हतं. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

कातडी काढून देतो का कोणाला? हाडं? की खराब जनावर टेकडीवर टाकतो आणि चांगलं विकतो? गणित जुळतं.

कार्यालयातल्या साहेबांना गप्पूविरुद्ध अर्ज लिहिला. दहा मिनिटांत लिहून झाला.

२४ जानेवारी

गप्पूला काढलं. चौकशीत साहेबांनी तीनदा विचारलं, जनावरं कुठे नेलीस? तो जमिनीकडे बघत उभा. एवढी संधी देऊनही तोंड उघडत नाही म्हणजे काय समजायचं?

किल्ली माझ्या हातात देताना म्हणाला, "ताई, विचारून घेत जा."

"काय विचारायचं ते मला कळतं," मी म्हणाले.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "मग आता जनावरं कोण आणणार?" एवढंच. गप्पूचं काय झालं, काय नाही, काही नाही. पेपर घेऊन आत गेले.

२९ जानेवारी

नवा माणूस तोंडाचा पट्टा थांबवत नाही, पण कामाला वाघ. बोलावणं आलं की तासाभरात जनावर कुंपणात. एकही गाळलेलं नाही. मालकांना भेटायला मला जावंही लागत नाही. फॉर्मचं तोच विचारून येतो, "काही नाही ताई, म्हातारपणानं गेली." मी लिहिते आणि सही करते.

आज सगळी मिळून एक्केचाळीस गिधाडं. या मोसमातला सगळ्यात मोठा आकडा. अर्ज केला ते बरंच झालं.

२ फेब्रुवारी

त्रेचाळीस!

६ फेब्रुवारी

तीन.

सकाळी एक झाडाखाली, दोन कुंपणाच्या तारेला. एक अजून जिवंत होतं. मान वर करायचं, पुन्हा पडायचं. मांडीवर घेतलं. एवढा मोठा पक्षी, आणि उचलायला इतका हलका. बाई येईपर्यंत गेलं.

७ फेब्रुवारी

आणखी दोन. त्यातल्या एकाच्या डाव्या पायात पिवळं कडं.

चौथ्या घरट्यावर मादी एकटी. ती उडाली तर पिल्लू उघडं पडतं, बसून राहिली तर दोघं उपाशी. दिवसभर बघत होते. दुपारी उडाली.

डॉक्टरीणबाईंनी कुंपणातल्या शेवटच्या तीन जनावरांच्या काळजाचे तुकडे तपासणीला पाठवले. फॉर्म वाचून म्हणाल्या, "तिन्हींवर 'काही नाही'. तुम्ही स्वतः विचारलं होतं?"

मी हो म्हणाले.

९ फेब्रुवारी

नवा माणूस? त्याला कोणीतरी पेरलंय का? की बाईच? त्यांच्या दवाखान्यातून बाटल्या जात असतील आणि वर मलाच विचारायचं, तुम्ही विचारलं का.

औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार हसला. "जनावरांसाठी बंद आहे ताई, माणसांसाठी नाही. माणसांचीच नेतात आणि गुराला टोचतात. मी काय पाहायला जातो?"

"कोण नेतं?"

त्याचं हसू गेलं. "तुम्ही मला विचारताय?"

मग कोणाला विचारू? उर्मट मेला. त्याचं नाव वहीत लिहून ठेवलं.

१० फेब्रुवारी

चौथ्या घरट्यात पिल्लू दिसलं नाही. मादी कड्यावर बसून होती, घरट्याच्या बाहेर.

१२ फेब्रुवारी

गप्पूच्या घरी गेले. का गेले? गप्पू असताना महिनाभरात दोन मेली. तो गेल्यावर दोन दिवसांत पाच. हे गणित मला जुळेना.

दारात बसून फावड्याला दांडा बसवत होता. त्याच्या बायकोने मला आत या म्हटलं नाही. बरोबरच आहे.

मी म्हणाले, "ओढ्याकडे काय करत होतात, ते मला दाखवा."

त्याने फावडं बाजूला ठेवलं. पुढे चालू लागला. झाडीपलीकडे मोकळी जागा. मातीचे उंचवटे, काहींवर गवत उगवलेलं, काही ताजे. प्रत्येकावर एक दगड.

"किती?"

"एकोणीस."

"एकट्याने खणले?"

मान हलवली.

त्याने तुटक-तुटक सांगितलं: ज्या जनावराला ती सुई टोचलेली असायची, ते टेकडीवर न्यायचंच नाही. पुरायचं. दोन वर्षं हेच करत होता. बैलाएवढा खड्डा एका माणसाने खणायचा म्हणजे काय, ते त्याच्या तळहातांकडे बघून कळलं.

"मला का नाही सांगितलंत? साहेबांनी तीनदा विचारलं!"

"सांगितलं तर कोणी टोचली विचारलं असतं."

"मग? कोणी टोचली?"

त्याने पाठ वळवली. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. "कळतं कसं तुम्हाला सुई कुठली ते?"

तो ओढ्याकडे बघत म्हणाला, "मानेवर सुई असती. त्या जागी जांभळं औषध, बोटाने पुसलेलं."

आता तसं कोणी लावत नाही. डॉक्टरीणबाई लावत नाहीत. ती जुनी पद्धत. मी लहानपणापासून पाहिली आहे. आमच्या घरातले सगळे टॉवेल जांभळे असायचे.

"ताई, तुम्ही बसा जरा," गप्पू म्हणाला.

१३ फेब्रुवारी

बाबांना विचारलं. सकाळी, चहाच्या वेळी. पूर्ण वाक्य जमलंच नाही. "सुई तुम्ही देता?" एवढंच.

"देतो."

"बंदी आहे."

"ठाऊक आहे."

"दुसरं औषध आहे की. मेलॉक्सिकॅम. त्याने गिधाडं मरत नाहीत."

"ते हळू चढतं. माणूस समोर उभा असतो, गाय कण्हत असते. त्याला सांगू, थांब, हळू चढेल?" त्यांनी कप बशीत ठेवला. "या सुईने जनावर तासात उठून उभं राहतं. मला येतं ते एवढंच आहे. नोकरी संपल्यावर हेच उरलंय."

"आणि गप्पूला काढलं तेव्हा? तुम्हाला माहीत होतं तो काय करतो?"

बाबा उठले, कप विसळला, पालथा घातला.



१४ फेब्रुवारी

साहेबांना अहवाल द्यायचा आहे, पाच पक्षी कशाने मेले. शेवटच्या रकान्यात संशयिताचं नाव.

दिवसभर कागद समोर. गप्पूचं नाव लिहायला मला दहा मिनिटं लागली होती.

१५ फेब्रुवारी

लिहिलं नाही.

१६ फेब्रुवारी

तपासणीचा निकाल आला. तिन्ही जनावरांत औषध सापडलं. साहेब म्हणाले, परवापर्यंत अहवाल हवा. मी म्हणाले, चौकशी चालू आहे. खोटं बोलायला काही लागत नाही. गप्पूला मी आळशी म्हणाले होते.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. मीही नाही. एकाच घरात दोन माणसं पाय न वाजवता चालताहेत.

१७ फेब्रुवारी

बाबा सकाळपासून घरात नाहीत. त्यांची जुनी चामड्याची बॅग नाही. कपाट उघडून पाहिलं. बाटल्या एकूण एक गेलेल्या. वरच्या फळीवरचं जांभळं औषधही.

ओढ्यात टाकायला गेले असतील. किंवा गोठ्यागोठ्यात जाऊन लोकांना पढवत असतील, माझं नाव घेऊ नका म्हणून. पस्तीस वर्षांची ओळख, कोण नाही म्हणेल? मी स्कूटर काढली. मग परत ठेवली. बापाच्या मागे लांबून जायचं?

दुपारी आले. चपला धुळीने भरलेल्या. मी त्यांच्या बॅगेकडे बघत होते, ते त्यांना दिसलं.

१८ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. टेबलावर बाबांच्या बाटल्या, शेजारी त्यांचा सहीचा जबाब. काल स्वतः येऊन देऊन गेले. सुई देऊनही दगावलेल्या बावीस जनावरांची यादी, गोठ्यांसकट. शेवटचा परिच्छेद साहेबांनी मला वाचायला दिला. उतरवून घेतला आहे:

"सुई दिलेलं जनावर दगावलं की मी स्वतः गप्पूला निरोप धाडत असे, हे टेकडीवर नेऊ नकोस. त्याने माझं नाव कधी घेतलं नाही. शेवटच्या तीन जनावरांच्या वेळी तो कामावर नव्हता. तेव्हा निरोप माझ्या मुलीला द्यायचा होता. तिन्ही वेळा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. मला तिची भीती वाटली."