डॅशबोर्डच्या काट्यांवरचा उजेड

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी साहेब,
वाहन योग्यता तपासणी कक्ष,
निंबाळवाडी नाका.

अर्जदार : वर्धमान आप्पासो चौगुले, ट्रकमालक व चालक, रा. कुंडल, ता. पलूस, जि. सांगली.
अर्ज लिहून देणार : देवदत्त भावे, अर्जलेखक, पलूस.

विषय : जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डवरील काट्यांचा उजेड सुधारला असल्याने योग्यता दाखला मिळणेबाबत, मात्र पूर्वीची व्यवस्था रद्द न करणेबाबत.

संदर्भ : "पर्यायी व्यवस्था बंद झाल्याचे निवेदन सहीनिशी सादर करावे" असे कळवणारे आपल्या कक्षाचे पत्र.

महोदय,

अर्जदार हा दोन वाक्यांत संपणारा माणूस आहे. तेव्हा हकिकत त्याची आणि भाषा अर्ज लिहून देणाराची, असे समजावे. मजकुरात कुठे तिखट लागले तर ते अर्जदाराचे नव्हे, हे आधीच नमूद करतो.

१. सदर ट्रक जुना आहे, पण धडधाकट आहे. हंगामात द्राक्षपेट्या, एरवी गूळ आणि पेंड घेऊन तो कऱ्हाडवरून पाटणपर्यंत जातो. या ट्रकच्या डॅशबोर्डमागचे बल्ब जळालेले नव्हते, चोरीसही गेले नव्हते. ते अर्जदाराने आपल्या हाताने काढले होते. कारण असे, की अर्जदाराची पत्नी गुणमाला लग्नानंतर काही वर्षांनी त्याच्यासोबत गाडीवर येऊ लागली. घराणे जैन, बाई नेमधर्माची. दिवस मावळायच्या आत गाडी बाजूला लावायची, डबा सोडायचा, आणि मग पुढे निघायचे, हा त्यांचा शिरस्ता. चातुर्मासात त्या बल्बच्या उजेडाला पाखरं केबिनमध्ये यायची, फटीतून काचेच्या आत शिरायची आणि तिथेच मरून पडायची. बाईंना ते बघवेना. "बल्ब काढा तेवढं. काटं मी सांगते," असे त्या म्हणाल्या. अर्जदाराने काढले. चातुर्मास संपला तरी पुन्हा बसवले नाहीत, कारण तोवर दोघांनाही सवय लागली होती.

२. तेव्हापासून व्यवस्था अशी : बाई डाव्या सीटवर, मांडीवर बॅटरी. मध्येच बॅटरीवर तळवा धरून त्या क्षणभर उजेड पाडणार, काटे बघणार आणि सांगणार. "पाणी मधी हाय. हवा भरली. डिझेल कऱ्हाडला घ्या." घाट उतरताना हवेचा काटा पडला तर ब्रेक लागत नाहीत, हे साहेबांस सांगायला नको. तो काटा बाईंनी कधी पडू दिला नाही. या गाडीस आजतागायत एकही अपघात नाही.

३. वार्षिक तपासणीत त्या वेळच्या साहेबांनी विचारले, की दिवे कुठे आहेत? बाई केबिनमध्येच होत्या. त्या म्हणाल्या, "आवं सायेब, मी हाय न्हवं!" साहेब हसले आणि शेरा लिहिला : "काट्यांचे दिवे नाहीत. सौ. गुणमाला चौगुले यांचेमार्फत पर्यायी व्यवस्था." पुढच्या साहेबांनी मागचा शेरा बघून तोच उतरवला, त्यांच्या पुढच्यांनीही तेच केले. बाई अशा रीतीने सरकारी दप्तरात ट्रकचा एक भाग झाल्या. या गोष्टीची दोघांनाही गंमत वाटत असे.

४. गेल्या माघात सांगलीच्या दवाखान्यात बाई वारल्या. अर्जदारास त्याबद्दल काय वाटते असे विचारता, काही वाटत नाही असे त्याने सांगितले. रडू येते का? न्हाई. राग? न्हाई. तो जेवतो, झोपतो, गाडी पुसतो. बोलताना तो समोरच्याच्या खांद्याकडे बघतो. याहून जास्त त्याने सांगितले नाही आणि लिहून देणाराचीही पुढे विचारायची छाती झाली नाही.

५. तेरावा नाही, काही नाही, अर्जदार सरळ गॅरेजवाल्या सिद्धू मेस्त्रीकडे गेला आणि म्हणाला, "दिवं लाव. पण पाखरू आत जाता कामा न्हाई." सिद्धूने सगळे मीटर खाली उतरवले, पिवळी पडलेली काच घासून घेतली, आतला पांढरा रंग नव्याने दिला, जुन्या बल्बच्या जागी मंद एलईडी बसवले, फटींना रबर लावले आणि वरून पत्र्याची छोटी पडवी काढली, म्हणजे उजेड फक्त काट्यांवर पडेल, बाहेर सांडणार नाही. काम नामी झाले आहे. बाईंचा नेम मोडला नाही, आणि काटे दिसतात.

६. इथवर घोडे बरे चालले होते. अडले ते आपल्या नाक्यावर. तपासणी भर उन्हात. उन्हात मंद दिवा दिसत नाही, म्हणून "दिवे बंद" असा शेरा पडला. अर्जदाराने दिवेलागणीला बघावे अशी विनंती केली, तर दिवेलागणीला कक्ष बंद असतो. दुसऱ्या खेपेस अर्जदार घरचे घोंगडे घेऊन आला व समोरची काच झाकली. निरीक्षक साहेब आत बसले, त्यांना दिवे दिसले. पण काच झाकलेल्या वाहनाची तपासणी नियमात बसत नाही म्हणून तोही दिवस फुकट गेला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ती अशी.

७. तिसऱ्या खेपेस आपण स्वतः दिवे मान्य केलेत, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. परंतु दप्तरी पर्यायी व्यवस्था चालू दिसते, आणि एकाच कामास दोन व्यवस्था ठेवता येत नाहीत, असे पत्र आले. सोबत छापील निवेदन : "सदर व्यवस्था आता अस्तित्वात नाही. तिचे नाव कमी करण्यास माझी हरकत नाही." खाली सहीची जागा. एवढी सही झाली की दाखला तयार आहे, असे आपल्या लिपिकांनी दोनदा समजावले. ते भले गृहस्थ आहेत.

८. अर्जदार त्या सहीसाठी लिहून देणाराच्या टेबलाशी तीन वेळा बसला. पेन हातात घेतो, टोपण काढतो, टोपण लावतो. एकदा लिहून देणारानेच वैतागून म्हटले, "अहो वर्धमानराव, सही म्हणजे काय, शाईच ना? मारा आणि मोकळे व्हा." अर्जदार उठून गेला. त्या बोलण्याची लिहून देणारास आजही लाज वाटते.

९. दिवे खरोखर दिसतात की नाही याची खात्री करावी म्हणून लिहून देणार एका सांजेला कुंडलहून पलूसपर्यंत सदर ट्रकमधून आला. डावी सीट मोकळी होती, पण त्या दाराला हात लावावासा वाटेना, म्हणून तो केबिनमधल्याच मागच्या फळीवर बसला. दिवे उत्तम. हवा, पाणी, डिझेल सगळे मागूनही वाचता येत होते. अर्जदार मात्र काट्यांकडे लगेच बघत नव्हता. आधी डावीकडे कान द्यायचा. थोडा थांबायचा. मग बघायचा. दर वेळी असेच. गाडी त्याने सावकाश आणि नीट चालवली, हेही खरे आहे.

१०. सबब विनंती, की दिवे ही "जादा सोय" म्हणून नोंदवावी, पूर्वीची व्यवस्था आहे तशी राहू द्यावी, आणि दाखला द्यावा. एका कामास दोन व्यवस्था असल्याने सरकारचे काय नुकसान होते, हे लिहून देणारास पुष्कळ विचार करूनही उमगलेले नाही. बाई गेल्याची गोष्ट अर्जदार नाकारत नाही. मृत्यूचा दाखला त्याच्या खिशात असतो, साहेबांनी मागितल्यास तो दाखवील.

हा मजकूर अर्जदारास वाचून दाखवला. अशाने दाखला कदाचित कधीच मिळणार नाही, गाडी दारात गंजेल, हेही स्पष्ट सांगितले. त्यावर अर्जदार जे बोलला ते त्याच्याच शब्दांत देत आहे : "न्हाई तर न्हाई. गाडी हुबी राहील. पण तिला खाली उतर म्हणून मी लिवून देणार न्हाई."

आपला नम्र व खोळंबलेला,

(सही) वर्धमान आप्पासो चौगुले
कुंडल, दि. ११ जून २०२४

सोबत :
१) सिद्धू मेस्त्री यांचा काम केल्याचा दाखला.
२) दिवे लागलेल्या डॅशबोर्डचा फोटो, सांजवेळी काढलेला.
३) छापील निवेदन, बिनसहीचे, परत.