तिसऱ्यांदा येणारा दात

१४ डिसेंबर २००९, देवरी
आज मुलींच्या शाळेत माझं भाषण झालं. विषय: पक्का दात मुळासकट निखळला तर काय करावं. पोस्टर टूथपेस्ट कंपनीचं होतं, पण आवाज माझा. दात वरून धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका, दुधात नाहीतर गालात धरून अर्ध्या तासात डॉक्टरकडे आणा. टाळ्या. सातवीतल्या खुशबू नावाच्या मुलीनं विचारलं, आणला तर तुम्ही परत बसवाल का? मी म्हटलं, अलबत.
घरी येऊन हिशेब केला. आजवर मी दात काढले, कवळ्या बसवल्या. निखळलेला दात परत कधीच बसवला नाही. कॉलेजात ते लेक्चर झालं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होतो.

१५ डिसेंबर
पुस्तकातला तो धडा वाचून काढायचा. फक्त पुस्तक बायकोनं, नीतूनं, शिलाई मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली दिलंय. तिच्याकडे संक्रांतीपर्यंत ब्लाउजांची ऑर्डर आहे. तिच्या कामात आडवं येणं बरं नाही.

२३ डिसेंबर
शाळेत कबड्डीची प्रॅक्टिस सुरू झाली. खेळाचे मास्तर ईश्वरदास सर दवाखान्यात आले होते. त्यांना सुचवलं, मुलींना कॅरम द्या. ते म्हणाले, "काऊन जी? दात पडला त तुम्ही आहा ना."
रात्री जेवण गेलं नाही.

२ जानेवारी २०१०
गोंदियाला श्यामलालला फोन. आमच्याच बॅचचा, दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे. सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, "अपने को नहीं आता यार. मी नागपूरला पाठवतो. दात रस्त्यात मरतो, पण आपल्या हातानं नाही मरत." फार धीर आला. मग लक्षात आलं, मी पेशंट पाठवणार होतो तो ह्याच्याकडेच.
उद्या पुस्तक. नक्की.

१२ जानेवारी, संध्याकाळी
आली. खुशबूच. कबड्डीत कोणाचं तरी डोकं लागलं आणि वरचा पुढचा दात निघाला. तिचे वडील रत्नपाल शाळेजवळच कामावर होते, ते सायकलवर बसवून घेऊन आले. म्हणाले, "पोरीनं गालात धरून आणला जी. एक शब्द नाही बोलली." तिनं दात वरून धरूनच बाहेर काढला आणि माझ्यासमोर केला. केवढं लांब मूळ. घाईत घालताना ग्लोव्ह फाटला. दुसरा घातला, तोही फाटला. आणि तोंडातून निघून गेलं, हा दुधाचाच दात आहे, नवा येईल.
ती बोबडं बोलत म्हणाली, दुधाचा तर दुसरीतच पडला सर. मी म्हटलं, काही जणांना तिसऱ्यांदा येतो. रत्नपालनं तिला दटावलं, "डॉक्टरसायबापेक्षा तुले जास्त समजते का?"
दात घरी नेऊन छपराच्या कवेलूवर फेका म्हणून सांगितलं. फी घेतली नाही. माझा स्वभावच तसा आहे.

१३ जानेवारी
विचार केला तर झालं ते बरंच झालं. बसवला असता आणि पू झाला असता तर? मी मुलीला इन्फेक्शनपासून वाचवलं. आणि तिसऱ्यांदा दात येतच नाही, हे तरी कोणी पाहिलंय?

१७ जानेवारी
नीतूची ऑर्डर संपली. तिनं आपणहूनच पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. धडा दीड पानांचा निघाला. सलाइननं धुवायचा, खाचेत हलकेच दाबायचा, शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधायचा. तार माझ्या ड्रॉवरमध्येच होती.
पुस्तक परत मशीनखाली ठेवलं.

८ जुलै
शाळा सुटली की खुशबू दवाखान्यावरून जाते. बोलताना तोंडावर हात धरते. मी शटर अर्धं खाली ओढून बसतो, तर ती वाकून आत बघते. मला ह्या बारा वर्षांच्या पोरीची भीती वाटते. खरंच वाटते.
आज थेट खुर्चीत येऊन बसली. म्हणाली, "जिभेले टोचून राहिलं सर. आला का?"
आरसा लावून पाहिलं. चण्याचं साल हिरडीत रुतलं होतं. मी ते चिमट्यानं गुपचूप काढलं आणि म्हटलं, येऊन राहिला.
तिनं तोंडावरचा हात काढला आणि हसली. मग धावत बाहेर गेली, वडिलांना सांगायला. रत्नपाल सायकल धरून रस्त्यावर उभे होते. त्यांनी तिथूनच जयभीम म्हणत मला हात जोडले.
मीही जोडले.