कोरड्या मातीतली नळी

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. गेल्या आठवड्यात फोनवर मी सर्दीने आवाज बसलाय म्हणाले, ते खोटं होतं. मी रडत होते.

प्रयोगशाळेतला फ्रीजर बंद पडला आणि ज्या जिवाणूपासून आम्ही न भरणाऱ्या जखमांवरचं नवं औषध काढतोय, त्याच्या सगळ्या नळ्या खराब झाल्या. अकरा वर्षांचं काम पाण्यात! शेवटी लाजत लाजत आमच्या निवृत्त सरांना फोन केला.

“रडतेस काय, वेडे? तोच जिवाणू कोरड्या मातीत मिसळून ठेवलेली एक नळी माझ्या कपाटात आहे. ये, घेऊन जा.”

त्यातली चिमूटभर माती काचेच्या बशीत पेरली. चार दिवस घशाखाली घास उतरला नाही. पाचव्या दिवशी पांढरे ठिपके उगवले. मग त्यांच्याशेजारी रोगजंतू सोडले, तर आज सकाळी ते साफ मेलेले! आमचाच तो, आई! आज मी पोटभर जेवले.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांच्या पायाची जखम सुकतेय, की अजून वाहतेय? मला बरं वाटावं म्हणून काहीबाही लिहू नकोस.

बाबांना एवढंच सांग, औषध वाचलं. ते दुकानात यायला अजून दहा वर्षं तरी लागतील, हे मात्र आपल्या दोघींतच राहू दे.

तुझी,
थोरली